करंजमळीचा सातबारा

१३ जानेवारी १९७४, विश्रामबाग, सांगली

तीस वर्षे मुलांना बेडकाचे हृदय दाखवले आणि गेल्या जूनमध्ये निवृत्त झालो. तेव्हापासून मी घरभर पायात घोटाळतो, असे बायकोचे, पद्मावतीचे म्हणणे आहे. तिनेच ही डायरी हातात दिली. हळदीच्या अडत दुकानाची फुकटची आहे, प्रत्येक पानावर वर बाजारभावाला जागा सोडलेली. म्हणाली, "मला सांगायचं ते यात लिहीत जा."

आज लिहिण्यासारखे घडले. पलूसच्या पुढे बोरतळे गावी एका जुन्या विद्यार्थ्याने हुरड्याला बोलावले होते. जेवणानंतर मंडळी झोपली आणि मी नदीकडे निघालो. कृष्णा तिथे मोठे वळण घेते. त्या वळणात बावीस एकरांचे एक रान उभे आहे: करंज, वाळुंज, उंबर, खाली माणूसभर लव्हाळे. पुराचे पाणी दरवर्षी वर चढते म्हणून तिथे ऊस लावायला कोणी धजले नाही. गावात त्याला करंजमळी म्हणतात. काठाच्या खोपटापाशी एक बाई शेळ्यांना पाला घालत होती. माझ्या पायांचा आवाज ऐकून तिने ओठांवर बोट ठेवले.

"दमानं या. न्हात्यात ती."

पाण्यात पाच पाणमांजरे होती. अख्खे कुटुंब. एक मासा पकडायचा, बाकीच्यांनी तो पळवायचा. तीस वर्षे मी हा प्राणी पुस्तकातल्या चित्रावरून शिकवला. चित्रात तो गंभीर असतो.

परतताना दोन माणसे दोरी धरून जमीन मोजताना दिसली. वीटभट्टी होणार आहे म्हणे. नदीची माती विटेला चांगली.

मी हे होऊ देणार नाही. वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी एखादे वाक्य इतक्या सहज लिहून होते याचे नवल वाटले.

२० जानेवारी

जमिनीचे मालक सुभेदार हंबीरराव यांची गाठ घेतली. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त. मिशा अजून ड्युटीवर आहेत. मी त्यांना नदीकाठच्या परिसंस्थेचे महत्त्व पाऊण तास समजावून सांगितले. त्यांनी मान न हलवता ऐकले.

"मास्तर, सगळं बराबर हाय," ते म्हणाले. "पण भट्टीवाला बावीस हजार देतोय. मला पोराला ट्रक घिऊन द्यायचाय. तुमी तेवढं आणा, जिमीन तुमची. मे अखेरपातूर थांबतो. सैनिकाचा शबुद."

आतून त्यांच्या पत्नी रंगूबाई चहा घेऊन आल्या. "त्या बाईचं काय मग?" त्यांनी विचारले. बाई म्हणजे ती खोपटातली. शालूबाई तिचे नाव. म्हसवडकडची विधवा आहे. बहात्तरच्या दुष्काळात चार शेळ्या घेऊन चालत नदीकाठी आली ती राहिली. सुभेदारांनी तिला रानाची राखण दिली आहे.

"भट्टीवर काम मिळंल की तिला," सुभेदार म्हणाले.

 रंगूबाईंनी कपबशी जरा जोरात ठेवली, एवढेच.

मी ठरवले आहे की हा प्रश्न जनतेपुढे न्यायचा. जनतेला फक्त माहिती नसते.

२ फेब्रुवारी

समिती स्थापन झाली! विश्रामबागेतल्या प्राध्यापक मंडळींनी उत्तम प्रतिसाद दिला. पहिले दीड तास नावावर चर्चा झाली. 'वन्य' की 'वन', आणि 'संरक्षण' की 'संवर्धन'. एका प्राध्यापकांनी दोन्ही ठेवण्याची उपसूचना मांडली, ती तीन विरुद्ध दोन मतांनी फेटाळली गेली. मग भट्टीचा तीव्र निषेध करणारा ठराव एकमताने मंजूर केला. पैशांचा विषय निघाला तेव्हा सात वाजले होते आणि सर्वांना कामे होती.

चहाचे कप मीच विसळले. पद्मावती म्हणाली, "ठराव त्या भट्टीवाल्याला पाठवा. घाबरून जाईल."

तिला सार्वजनिक कार्याची पद्धत ठाऊक नाही.

३ मार्च, बोरतळे

गावात मारुतीच्या देवळात सभा घेतली. पुरुष पायऱ्यांवर बसले, बाया मागे पारापाशी. मी पाणमांजराला नदीचा अलंकार म्हणालो. तेवढ्यात अर्जुना भोई उठला. मासे धरून पोट भरणारा माणूस.

"मास्तर, तुमच्या ह्या अलंकारानं माझं जाळं पाच येळा फाडलंय. त्यास्नी तुमच्या समितीत घ्या. म्हंजे भरपाई कुणाकडं मागायची ते तरी कळंल."

पायऱ्यांवर बराच वेळ हशा चालला. मी जाळ्यांचा मुद्दा लिहून घेतला. नंतर अनपेक्षितपणे शालूबाईच पारापासून बोलली.

"आमाला आडोसा पायजे, मास्तर. भट्टी आली की झाडं ग्येली. झाडं ग्येली की आडोसा ग्येला. आन भट्टीवर परकी गडीमाणसं राबणार. मग आमी कुठं जायाचं?"

किती नेमके! निरक्षर बाईने माझ्या सगळ्या व्याख्यानाचा गाभा एका शब्दात सांगितला. मी तो धागा पकडून म्हणालो, "बरोबर आहे! आडोसा हीच प्रत्येक जिवाची पहिली गरज. पाखरू घ्या, ससा घ्या, आडोसा नसेल तर तो निर्धास्तपणे काहीच करू शकत नाही!"

बायांनी तोंडाला पदर लावले. रंगूबाई तर हसता हसता पाराला टेकल्या. विषय मनाला भिडला की माणूस असाच प्रसन्न होतो. पुरुष मात्र एकाएकी जमिनीकडे बघू लागले होते.

१२ मार्च

नवे पत्रक छापून घेतले, एक हजार प्रती. पहिले पत्रक फार शास्त्रीय झाले होते. पद्मावतीने ते वाचून विचारले होते, "छान आहे, पण मागितलंय काय?" या वेळी वर ठळक अक्षरांत मथळा दिला: 'आडोसा हवा! बोरतळ्याच्या भगिनींची हाक.' खाली पाखरांची आणि सशांची माहिती. कॉलेजांत वाटली, बाजारपेठेत वाटली, एक प्रत रजिस्टर पोस्टाने कलेक्टरसाहेबांना पाठवली.

उरलेली एक घरी आणली. पद्मावती तांदूळ निवडत होती. मथळा वाचून तिचे हात थांबले.

"अहो, तुम्ही जन्मात कधी खेड्यात राहिला आहात का?"

"म्हणजे काय? माझा जन्म खेड्यातला."

"पुरुष म्हणून राहिलात," ती म्हणाली, आणि मग तिने मला सरळ शब्दांत सांगितले की बाया त्या रानात सकाळी कशासाठी जातात.

मी बराच वेळ गच्चीत जाऊन बसलो. आमच्या गावी आई, आत्या, बहिणी उजाडायच्या आधी तांब्या घेऊन ज्या वाटेने जायच्या ती वाट मला माहीत होती. त्या वाटेने जायचे नाही, एवढेच आम्हा मुलांना सांगितलेले. पुढे त्या वाटेकडची बाभळबने तोडून ऊस आला, तेव्हा आईचे पोट वरचेवर दुखायचे. दिवसभर पाणी प्यायची नाही. वैद्यांनी उष्णता सांगितली होती. मी जीवशास्त्राचा माणूस. मला आज कळले.

एक हजार प्रती गेल्या त्या गेल्या. कलेक्टरसाहेबांची रजिस्टरने.

१६ मार्च

शालूबाईची क्षमा मागायला मुद्दाम बोरतळ्याला गेलो. आधी तिच्या शेळ्यांची चौकशी केली. तिनेच सोडवले.

"कुणाच्या पोरानं वाचून दावलं," ती म्हणाली. "बरं केलंसा. आमी तोंडानं सांगू शकत न्हवतो, तुमी छापलंसा. आता गडीमाणसं खाली माना घालून हिंडत्यात."

"पण खाली मी पाखरांची माहिती दिली आहे, शालूबाई."

"आसू द्या की. पाखरंबी जात्यात."

२९ मार्च, बोरतळे

आज यात्रेचा दिवस. कुस्त्यांच्या मैदानात दोन कुस्त्यांच्या मध्ये बोलायला मला दहा मिनिटे मिळाली. पाच हजारांचा समुदाय! एवढ्या लोकांपुढे मी आयुष्यात बोललो नव्हतो. शेवटच्या वाक्याला टाळ्या आणि शिट्ट्यांनी मैदान दणाणले. प्रामाणिकपणे नोंदवायला हवे की त्याच क्षणी दोन नामांकित पैलवान माझ्या पाठीमागून आखाड्यात उतरले होते.

सह्यांना मात्र तोड नव्हती. मैदानाबाहेर टेबल मांडून बसलो तर रांग लागली. अकराशे चाळीस सह्या आणि अंगठे! लोक ढकलाढकली करत होते. एक म्हातारा दुसऱ्यांदा आला तेव्हा मी त्याला प्रेमाने म्हटले, "बाबा, एकदा केलीत तरी पुरे."

"घरात माणसं धा हायती, मास्तर," तो म्हणाला. "बरं, डबा कवा आणू?"

"कसला डबा?"

"राकेलचा."

लोकांना वाटले होते की ही रॉकेलच्या जादा कोट्याची यादी आहे. मी टेबलावर चढून खुलासा केला. रांग जेवढ्या वेगाने जमली होती त्याहून लवकर मोडली. काही जणांनी सही खोडून मागितली.

तरी मी मोजले. खुलासा झाल्यानंतर एकसष्ट माणसांनी सही केली. सगळ्या बाया. त्यांना रांगेत कोणी आणले ते कळले नाही. शालूबाई शेळ्यांसाठी पाला आणायला त्या बाजूला आली होती, तिलाही ठाऊक नव्हते.

१ एप्रिल

आज आमच्या जैन समाजाच्या ट्रस्टपुढे गेलो. अध्यक्ष अण्णाप्पा हळदीचे अडते. माणूस सज्जन. ट्रस्ट पांजरपोळ चालवतो. जीवदयेसाठी यांच्याइतका हात सैल सोडणारे सांगलीत दुसरे कोणी नाही. माझी खात्री होती.

अण्णाप्पांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "सर, हे पाणमांजर खातं काय?"

"मासे," मी म्हणालो.

अण्णाप्पांनी समोरची वही मिटली.

"म्हणजे आम्ही पैसे द्यायचे, ते मासे मारणाऱ्या जनावराला जागा घेऊन द्यायला."

"ते त्याचं नैसर्गिक अन्न आहे."

"दूधभाकरीची सवय लागणार नाही?"

एका विश्वस्तांनी मार्ग काढला: फक्त दाणे खाणाऱ्या पाखरांपुरती देणगी द्यावी. मला 'हो' म्हणता आले असते. पण वेडा राघू माश्या आणि गांधीलमाश्या खातो, खंड्या मासे खातो, आणि मी तीस वर्षे फळ्यावर खरे तेच लिहिले. मी तेही सांगितले. बगळ्याचेही सांगितले. विश्वस्त हात जोडून उठले.

पद्मावतीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "तुम्ही पाणमांजराबद्दल सांगितलंत. भट्टीबद्दल काय सांगितलंत?"

"भट्टीबद्दल सांगण्यासारखे काय आहे? ती भट्टी आहे."

तिने देवळात जायची तयारी केली. महावीर जयंतीच्या कामांसाठी बायकांच्या बैठका चालू आहेत. चार दिवस दुपारी घरी नसते. माझ्या पडत्या काळात घरात कोणी नसावे याचे वाईट वाटते.

९ एप्रिल

विजय! आज अण्णाप्पा स्वतः घरी आले. म्हणाले, "सर, तुमचं बोलणं मनात राहिलं. झोप नाही." ट्रस्ट जमिनीच्या किमतीचा मोठा वाटा उचलणार, बाकीची वर्गणी समितीने गोळा करायची! मी विचारले, पाणमांजराच्या आहाराचे काय? त्यांनी हात झटकला.

"त्याचं कर्म त्याच्यापाशी. पण वीटभट्टी म्हणजे जमिनीतले लाखो जीव आगीत भाजायचे, तेही वर्षानुवर्षं. आपण नुसतं बघत राहिलो तर पाप कुणाला? आमच्या घरात चार दिवस हेच चाललंय. सकाळी चहाबरोबर, संध्याकाळी जेवणाआधी."

मी भट्टीतल्या जीवांबद्दल बोललो होतो असे मला आठवत नाही. पण व्याख्यानात माणूस अनेक गोष्टी ओघात बोलून जातो. एकंदरीत माझी मांडणी आठ दिवसांनी का होईना पटली. सत्य सांगण्याचा हाच फायदा.

पद्मावती पोह्यांवर खोबरे घालत होती. यशाच्या वेळी तरी ती घरी होती, हे बरे झाले.

६ मे

वाईट बातमी. भट्टीवाल्याने किंमत चार हजारांनी वाढवली. उन्हातान्हात सुभेदारांकडे गेलो. ते मळ्यातल्या छपरीत एकटेच कांदाभाकरी खात बसले होते. माझ्याकडे पाहिले नाही.

"पोरगा हट्टाला पेटलाय, मास्तर. चार हजार म्हंजे थोडं न्हवं. शबुद दिला खरा, पण शबदावर ट्रक चालत न्हाई."

मी शब्दाचे महत्त्व, सैनिकाची परंपरा, पुढच्या पिढ्या, सगळे सांगितले. त्यांनी नुसता कांदा फोडला. मी हरलो, असे आज प्रथम वाटले. येताना रानाच्या कडेने आलो. भट्टीवाल्याने पाच करंजांना चुन्याचे पट्टे मारून ठेवले आहेत. शालूबाई त्यांतला एक ओल्या फडक्याने पुसत होती.

"पुसून काय होणार?" मी म्हटले.

"काय न्हाई. हाताला चाळा."

मला रडू आले. तिला ते दिसू नये म्हणून मी पक्षी बघितल्यासारखे केले.

१४ मे

पुन्हा गेलो. काही उरले नव्हते बोलायला, तरी गेलो. सुभेदार आजही छपरीतच. आठ दिवसांत अर्धे झालेत. दाढी वाढलेली, मिशा ड्युटीवरून उतरलेल्या.

"तब्येत बरी नाही का?" मी विचारले.

"घरात चूल पेटत न्हाई," ते म्हणाले. "रंगू म्हनती, भट्टी झाली की आमाला आडोशाला तीन मैल जावं लागंल. तवा आतापास्नं जायाची सवय करतो. ती माहेराला ग्येली. सुनंला घिऊन ग्येली. शेजारची येसू भाकरी द्यायची, तिचंबी माहेर निघालं. गावात कुणाच्या घरात सरळ ताट मिळंना, मास्तर."

उन्हाळ्यात लेकी-सुना माहेरी जातातच. मी त्यांना ओवा आणि गरम पाणी सुचवले, आणि पुन्हा सैनिकाच्या शब्दाचा विषय काढला. या वेळी बाण लागला. ते एकदम उभे राहिले.

"बास. भट्टीवाल्याला आजच न्हाई म्हणून सांगतो. जुन्या किमतीला घ्या. पण लवकर कागद करा. माणसानं किती दिवस कांदा खायाचा?"

हाडाचा सैनिक! पहिल्या भेटीत मी जी बाब दुय्यम समजलो, तीच शेवटी कामी आली. व्याख्यानात भावनेला आवाहन आधी करावे, शास्त्र नंतर.

२१ मे

किनाऱ्याला आलो आणि नाव फुटली. वकिलांकडे समितीची बैठक होती. ते म्हणाले, शेतजमीन फक्त शेतकऱ्यालाच घेता येते. समितीला नाही, ट्रस्टलाही सहज नाही. परवानगीला वर्ष जाईल.

"मग माझ्या नावावर करा," मी म्हणालो.

"सर, तुमची जमीन?"

आमची चार एकर कूळकायद्यात कुळाकडे गेली. अण्णाप्पांचीही गेली. प्राध्यापकांपैकी एकाचा बाल्कनीत तुळशीचा वाफा आहे. कायद्याच्या दृष्टीने आम्ही कोणीच जमिनीचे नाही.

त्या भागातल्या एका सहकारी सोसायटीचे चेअरमन बैठकीला आवर्जून आले होते. ते उदारपणे म्हणाले, "माझ्या नावावर करा की. सातबाऱ्याला काय तोटा? आपण तिथं झकास बाग करू. सिमेंटची हरणं बसवू, कारंजं, पोरांना घसरगुंडी. लोकांनी पैसे दिलेत, त्यांना काहीतरी दिसलं पाहिजे."

कोणी हो म्हणेना, नाही म्हणायचे धाडस होईना. तेवढ्यात पद्मावती दारात आली. घराची किल्ली माझ्याकडे राहिली होती म्हणे. बरोबर शालूबाई होती. ती आजच नेमकी भाजी द्यायला सांगलीला आली होती.

"शालूबाईंची म्हसवडला जमीन आहे," पद्मावती म्हणाली. "यांना विचारून बघा."

शालूबाईने कनवटीची पिशवी सोडली. आत घड्या घालून घालून फाटत आलेला सातबारा होता. चार एकर, खडकाळ, जिरायत. पीक: पड.

"सासऱ्याची," ती म्हणाली. "मालकांच्या मागं माझ्या नावावर आली. कुसळंबी उगवत न्हाईत. पण तलाठी म्हनला, कागुद टाकू नगं."

वकिलांनी कागद उलटसुलट पाहिला, चष्मा काढला आणि म्हणाले, "या खोलीत शेतकरी म्हणावं तर चेअरमनसाहेब आणि ह्या."

अण्णाप्पांनी डोळे मिटून विचार केला. "बाईंच्या नावावर करा," ते म्हणाले. चेअरमनसाहेबांना एक दुसरी बैठक आठवली.

रात्री पद्मावतीला म्हटले, योगायोग कसा असतो बघ. ती म्हणाली, "असतो खरा."

३० मे

खरेदीखत झाले. शालूबाईने अंगठा दिला. सुभेदारांनी पेढे वाटले. रंगूबाई माहेराहून परतल्या आहेत. अर्जुना भोईसुद्धा हजर होता. पाणमांजरे राहणार म्हटल्यावर जाळी फाटतच राहणार, तेव्हा निदान पेढा तरी खातो, म्हणाला.

त्यानंतर मी माझा करारनामा काढला. जमीन कशी राखावी याची चौदा कलमे. शालूबाईला वाचून दाखवली. तिने शेवटपर्यंत ऐकले.

"मास्तर, जिमीन माझ्या अंगठ्यानं झाली. आता परत अंगठा कशाला?"

"जमीन सुरक्षित राहावी म्हणून."

"कुणापास्नं?"

मी चौदावे कलम पुन्हा वाचले. तिने अंगठा दिला नाही. घरी आल्यावर करारनामा घडी घालून या डायरीतच ठेवला. लोकांच्या पैशांची बावीस एकर जमीन, आणि ती एका बाईच्या मर्जीवर. मी हे काय करून बसलो?

१८ ऑगस्ट

पूर येऊन गेला. करंजमळी तीन दिवस पाण्याखाली होती. शालूबाई शेळ्यांसह मारुतीच्या देवळात राहिली. समितीची बैठक गणसंख्येअभावी तहकूब.

पाणी ओसरल्यावर भट्टीवाला तिच्याकडे गेल्याचे कळले. तिप्पट किंमत बोलला. तिने त्याला चहा पाजला, इतकेच समजले. चहा पाजण्याचा अर्थ काय घ्यायचा? साठ हजारांच्या वर रक्कम जाते. म्हसवडला विहीर होईल, पक्के घर होईल. मी तिच्या जागी असतो तर विकली असती का? या प्रश्नाचे उत्तर डायरीतही लिहायचे नाही, असे ठरवले आहे.

२ डिसेंबर

बोरतळ्याहून आलेल्या माणसाने सांगितले, "करंजमळीत लाकूडतोड चाललीय. बाईनं चार गडी लावल्यात."

मी रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होतो. सकाळी चेअरमनसाहेबांचा निरोप आला. पंधरा तारखेला ते करंजमळीचे उद्घाटन करणार आहेत. फलक तयार आहे. मंडपाला जागा साफ करून हवी, दहा-बारा झाडे काढली की पुरे. ज्या गोष्टी वाचवायला निघालो त्या दोन बाजूंनी सुटत आहेत, आणि दोन्ही बाजूंना माणसे माझीच.

१५ डिसेंबर

तीन जीपगाड्या, बँडपथक, प्राध्यापक मंडळी, अण्णाप्पा, आणि नवा शालू नेसलेली पद्मावती. माझ्या खिशात भाषण. वाटेवरूनच मी तुटलेली झाडे शोधत होतो.

एकही तुटलेले नव्हते. बांधावरच्या वेड्या बाभळी तोडल्या होत्या, आणि त्यांच्या काट्यांचे छातीएवढे कुंपण नदीपासून नदीपर्यंत बावीस एकरांना घातले होते. गावाच्या बाजूला वळण देऊन ठेवलेली एकच अरुंद वाट. त्या वाटेत शालूबाई कोयता मांडीवर घेऊन बसली होती.

"हार घाला बाईंना," चेअरमनसाहेब म्हणाले.

तिने हार घेतला. बाजूला ठेवला. उठली मात्र नाही.

"आत जायाचं न्हाई," ती म्हणाली. "पाणमांजरीची इल्ली पिल्लं हायती. डोळं उघडून आठ दीसबी झालं न्हाईत. बँड वाजवला तर ती तोंडात धरून न्हेती, आन परत येत न्हाई."

"अहो, पण उद्घाटन आहे!"

"करा की. तितं रस्त्याला करा."

चेअरमनसाहेब माझ्याकडे वळले. "सर, तुम्ही सांगा त्यांना. तुमचीच ही चळवळ."

मी पुढे झालो. "शालूबाई, निदान मी एकटा, लांबून..."

तिने मान हलवली. मऊपणे, पण हलवली. "तुमीबी न्हाई, मास्तर. तुमी बोलाया लागतासा."

प्राध्यापक हसले. मला राग आला, खोटे कशाला लिहू. वर्षभर उन्हात वणवण मी केली. टेबलावर मी चढलो. आणि आता कुंपणाच्या बाहेर, हातात गुंडाळलेले भाषण धरून उभा. तेवढ्यात शालूबाईने पद्मावतीचा हात धरला. "या, आक्का." दोघी त्या वळणावरून आत गेल्या. मागोमाग रंगूबाई गेल्या. काटे पुन्हा जागेवर ओढले गेले.

फलकाचे उद्घाटन रस्त्यावर झाले. बँड वाजला नाही, शालूबाईने जाताना बँडवाल्याच्या हातात गूळ-शेंगा दिल्या होत्या आणि तो त्या अण्णाप्पांबरोबर वाटून खात होता. चेअरमनसाहेब सिमेंटच्या हरणांबद्दल बोलले. मी बोललो नाही. बांधावर बसलो. आतून एक बारीक शीळ आली, मग दुसरी.

"कसला पक्षी?" अण्णाप्पांनी विचारले.

"पक्षी नाही," मी म्हणालो. आणि मला एकाएकी इतके बरे वाटले की मी भाषण त्यांच्या हातात दिले, शेंगांची टरफले ठेवायला.

पद्मावती तासाभराने बाहेर आली. नव्या शालूला कुसळे चिकटलेली, पाय चिखलात घोट्यापर्यंत. तिचा चेहरा मी लग्नानंतर असा पाहिला नव्हता. जीपमध्ये मी विचारत सुटलो: शेपटीची लांबी किती? पायांना पडदे दिसले का? पिल्लांचा रंग? बिळाचे तोंड पाण्याच्या वर की खाली?

"मी मोजलं नाही," ती म्हणाली. "ती खेळत होती. आम्ही बघत होतो."

सांगलीपर्यंत तिच्याकडून थोडे थोडे काढून घेतले. नोंद पुढीलप्रमाणे. ठिकाण: करंजमळी, बोरतळे. वेळ: सकाळी सुमारे साडेदहा. पाणमांजरे: मोठी चार, पिल्ले तीन. निरीक्षक: सौ. पद्मावती. मी बाहेर होतो.